आज किती?

पावसाळ्यात आमच्या कसबा बावड्यात "काय, बरं आहे ना?" असे कोणी विचारीत नाही. "आज किती?" असे विचारतात आणि उत्तर फुटांत येते. पंचगंगेची पातळी आमच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशाऱ्याची, ४३ धोक्याची, हे इथल्या पोरासोरांनाही पाढ्यासारखे पाठ!

ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा ५५ च्याही पुढे गेला. आमचे थोरले बंधू आईची औषधे घेऊन पुण्याहून मोटारीने निघाले होते. वाटेत एका नाक्यावर चौकशी केली, तेव्हा "रस्ता चालू आहे" असे सांगण्यात आले. शिरोलीपाशी येऊन पाहतात तो महामार्गावर पाणी! शिये-बावडा रस्ता त्याआधीच बुडालेला. घर नदीच्या अलीकडे, बंधू पलीकडे मालमोटारींच्या रांगेत, आणि आईच्या गोळ्या उरलेल्या दोन.

आकडा काही लपलेला नव्हता. पण पाणी मोजते पाटबंधारे खाते, वाहने अडवतात पोलीस, महामार्ग तिसऱ्याचाच. शिवाय मोटार हाकणाऱ्याला फूट कळून काय उपयोग? कोठे थांबावे, हे त्याला कऱ्हाडलाच कळायला हवे. बेळगावकडून येणाऱ्याला निपाणीला. किती फुटांना कोणता रस्ता बुडतो हे आमचा भाजीवालासुद्धा सांगेल. मग आकड्यासोबत रस्त्याचे नावही सातारा, सांगली, बेळगावच्या पोलिसांना एकाच वेळी का जाऊ नये?

गोळ्या अखेर गल्लीतल्याच एका घरातून उसन्या मिळाल्या. जुलै २०२१ मध्ये महामार्ग पुन्हा बंद पडला. त्या वर्षी आईने औषधे जूनमध्येच मागवून ठेवली होती.