पिल्लाला घरचे वळण

पिल्लाने रात्री घरात शू केली म्हणून सकाळी त्याचे नाक तिथे घासले, तर ते काय शिकेल? फक्त तुम्हांला घाबरायला! मग ते पलंगाखाली लपून शू करील. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह (१८४९-१९३६) यांच्या कुत्र्यांना मेट्रोनोम या तालयंत्राची टिकटिक ऐकताच लाळ सुटे, कारण तिच्यापाठोपाठ अन्न मिळे. दोहोंतील अंतर फार वाढले, की सांगड बसत नाही.

२ महिन्यांचे पिल्लू सहसा २-३ तासांपलीकडे शू रोखू शकत नाही. म्हणून झोपून उठताच, खाल्ल्यावर त्याला अंगणात न्या. तिथे शू करताच, त्याच क्षणी, खाऊ द्या. (घरात परतल्यावर दिलात, तर तो परतण्याबद्दलचा ठरतो!) फरशी पुसायला अमोनियायुक्त द्रव मात्र नको, त्याचा वास मूत्रासारखा, आणि कुत्र्याच्या नाकात गंधग्राही पेशी २० कोटींहून अधिक!