गोष्टीतला खेळ, लेखांक ६ : पाऊस येण्याआधीची चार वर्षं

मागच्या लेखांकात आपण 'फॅरनहाइट'मधल्या त्या उपाहारगृहापाशी थांबलो होतो. बाहेर न्यूयॉर्कचा बर्फ, आत शौचालयात पडलेलं प्रेत, हातात रक्ताळलेला सुरा आणि काउंटरपाशी बसलेला पोलीस. खून आपणच केलेला, म्हणजे ज्याच्या अंगात आपण आहोत त्या लुकस केनने, स्वतःवर ताबा नसताना. आता फरशी पुसायची की पळायचं, बिल देऊन समोरच्या दाराने निघायचं की मागच्या, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. आणि लगेच पुढे त्याच खेळणाऱ्याला तपास अधिकारी बनवून त्याच फरशीवर उभं करायचं! २००५ साली अशी सुरुवात करायची हिंमत फारशी कुणात नव्हती. पुढे त्या कथेत माया संस्कृतीचा मांत्रिक काय, यंत्रातून जागी झालेली बुद्धी काय, जे सुचेल ते घुसलं आणि डोलारा कोसळला, हेही आपण पाहिलं.

म्हणून मे २००६मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात पॅरिसच्या त्याच क्वांटिक ड्रीम स्टुडिओने 'हेवी रेन' हे नाव पुढे केलं, तेव्हा उत्सुकतेला संशयाची फोडणी होतीच. स्टुडिओने दाखवलं ते असं : एक तरुणी ऑडिशनला आली आहे. कॅमेऱ्याकडे बघून बोलते, जराशी बावरते आणि मग नवऱ्याने फसवलेल्या बाईचं स्वगत म्हणू लागते. आवाज फुटतो, डोळे भरतात. पाठलाग नाही, लढाई नाही, कोपऱ्यात गुणांचा आकडा नाही. प्लेस्टेशन ३ बाजारात यायला अजून सहा महिने होते. त्या नव्या यंत्राच्या ताकदीवर बाकीचे लोक गाड्यांची चकाकी आणि स्फोटांचा धूर दाखवत होते. यांनी डोळ्यांतलं पाणी दाखवलं.

ते पाणी सगळ्यांनाच पटलं असं नाही. कृत्रिम चेहरा माणसासारखा होत जातो तसा तो आवडत जातो, पण अगदी माणसाजवळ पोहोचला की अचानक नकोसा होतो, असं जपानचे यंत्रमानव-अभ्यासक मासाहिरो मोरी यांनी १९७०मध्ये लिहून ठेवलं होतं. त्या मुलीचे ओठ आणि दात हलताना पाहून अनेकांच्या अंगावर तसाच काटा आला. तरी त्या चित्रफितीने आपलं काम चोख केलं. येणाऱ्या खेळाची गोष्ट एका अक्षराने न सांगता, त्या खेळाकडून मागायचं काय, हे तिने लोकांना शिकवलं. पडद्यावरच्या या आकृतीला दुःख झालं तर मला काही वाटेल का? पुढची जवळजवळ चार वर्षं लोकांनी याच प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहिली.

या सगळ्यामागे होता डेव्हिड केज. मूळचा संगीतकार, खरं आडनाव दे ग्रुतोला. १९९७मध्ये त्याने स्टुडिओ काढला. पहिल्याच खेळात, म्हणजे १९९९च्या 'ओमिक्रॉन'मध्ये, त्याने साक्षात डेव्हिड बोवीला संगीतासाठी आणि भूमिकेसाठी राजी केलं. यावरून गड्याची महत्त्वाकांक्षा लक्षात यावी. मुलाखती देण्याची त्याला भारी हौस, आणि त्यात नम्रता बेताचीच. पण 'हेवी रेन'चं बीज कुठे पडलं हे सांगताना तो साधं बोलायचा : एकदा दुकानांच्या गर्दीत त्याचा लहान मुलगा थोडा वेळ दिसेनासा झाला. मुलगा सापडला, पण मधली ती मिनिटं गेली नाहीत. ज्याने जत्रेत किंवा फलाटावर मुलाचा सुटलेला हात अनुभवला आहे, त्याला यापुढे काही समजावून सांगायला नको.

ऑगस्ट २००८मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्रदर्शनात दुसरा तुकडा आला. माझ्या मते वाट पाहायला लावण्याच्या कलेतला हा सर्वांत हुशार डाव. प्रसंग असा : पत्रकार मॅडिसन पेज एका संशयिताच्या घरी जाते. तो मेलेल्या प्राण्यांत भुसा भरून ते जिवंतासारखे उभे करणारा कारागीर. घरी कुणी नाही. ती आत शिरते, खोल्या धुंडाळते आणि वरच्या मजल्यावर तिला कळतं की या माणसाने फक्त प्राण्यांवर हात चालवलेला नाही. नेमकी तेव्हाच बाहेर गाडी येऊन थांबते. आता लपायचं, झटापट करायची की खिडकी गाठायची? तोच प्रसंग निरनिराळ्या तऱ्हांनी संपू शकत होता. मॅडिसन निसटू शकत होती, तशीच मरूही शकत होती.

यातली गंमत अशी की हा प्रसंग मूळ खेळात नव्हताच. खेळायचं कसं, भीती वाटते कशी, निवडीला वजन किती, हे सगळं दाखवायचं पण मुख्य कथेचा धागा उघडायचा नाही, म्हणून तो मुद्दाम वेगळा रचला होता. (पुढे तो जोडप्रकरण म्हणून स्वतंत्रपणे मिळाला.) आजकालचे ट्रेलर पाहून चित्रपट पाहायची गरज उरत नाही, त्यांच्या कर्त्यांनी हा नमुना एकदा अभ्यासावा.

मूळ कथेबद्दल हळूहळू जे बाहेर आलं ते बेताचंच, पण पुरेसं होतं. अमेरिकेच्या पूर्वेकडचं एक उदास शहर. शरद ऋतूचा न थांबणारा पाऊस. लहान मुलगे नाहीसे होतात आणि काही दिवसांनी पावसाच्या पाण्यात बुडालेले सापडतात, हातात घड्या घालून केलेली कागदाची आकृती आणि छातीवर ऑर्किडचं फूल. ईथन मार्सचा एक मुलगा अपघातात आधीच गेला आहे, आता दुसरा, शॉन, पळवला गेला आहे. ईथनशिवाय एफबीआयचा नॉर्मन जेडन, खाजगी गुप्तहेर स्कॉट शेल्बी आणि मॅडिसन, असे चौघे आळीपाळीने आपल्या ताब्यात. आणि जाहिरातीतून पुन्हा पुन्हा विचारला जाणारा एकच प्रश्न : जिवलगासाठी तुम्ही कुठवर जाल?

पावसाचा वापर मात्र वातावरणापुरता नव्हता, आणि रहस्यकथेच्या कारागिरीचा हा भाग मला फार आवडतो. मुलाला अशा जागी ठेवलेलं असतं की पावसाचं पाणी साठत जाईल तसा तो बुडेल. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला पडद्यावर वेळ दिसते आणि तिच्यासोबत तोवर पडलेल्या पावसाचं माप. जुलैत सकाळी कुलाबा आणि सांताक्रूझचे मिलिमीटर वाचून ऑफिसला निघावं की नाही हे आपण ठरवतो, तसं इथे त्या आकड्यावरून मूल अजून किती वेळ जगेल याचा अंदाज बांधायचा. घड्याळ थांबवता येत नाही हे प्रत्येक रहस्यपटात असतं. इथे घड्याळ आभाळातून पडतं आणि खेळणारा त्यात भिजत उभा असतो.

उत्सुकतेला खरी धार आणली ती दुसऱ्याच एका घोषणेने. या खेळात 'हरलात, पुन्हा सुरुवात करा' असा फलक येणार नव्हता. चौघांपैकी कुणीही मरू शकतं, आणि मेलं तर गोष्ट त्याच्याविना पुढे जाते, शेवट बदलतो. केज तर मुलाखतीत म्हणायचा की खेळ एकदाच खेळा, मागे जाऊन चुका दुरुस्त करू नका. व्हिडिओ गेमच्या जगात हे जवळजवळ पाखंड होतं. तिथे मरण म्हणजे किरकोळ खोळंबा, तीन सेकंदांत पुन्हा हजर. चूक कायमची राहणार, हे ऐकूनच हात थरथरावा अशी ती कल्पना.

शंकेखोरांचं म्हणणंही ऐकायला हवं. १९८३मध्ये 'ड्रॅगन्स लेअर' नावाचा खेळ आर्केडमध्ये आला होता. डॉन ब्लूथची देखणी हाताने काढलेली चित्रं लेझर डिस्कवरून सरकायची आणि खेळणाऱ्याने ठरल्या क्षणी ठरलेली दांडी ढकलायची. हुकला की मेला. पाहायला सुंदर, खेळायला काहीच नाही. 'हेवी रेन'मध्येही पडद्यावर बटणांची चिन्हं उमटणार, ती वेळेत दाबायची, मग हा त्याच खेळाचा महागडा नातू नव्हे का, असा सवाल होता. बटणं दाबून पुढे सरकवायचा सिनेमा, अशी थट्टाही भरपूर झाली.

फेब्रुवारी २०१०मध्ये, विक्रीच्या थोडं आधी, दोन प्रसंगांचा डेमो मोफत मिळाला तेव्हा निदान या शंकेचं अर्धं उत्तर हातात आलं. पात्र घाबरलं की त्याच्या भोवती तरंगणारी चिन्हं थरथरतात, वाचता येईनाशी होतात. नाजूक काम हळू करायचं तर कंट्रोलरवरची काठीही हळूच सरकवावी लागते. शेल्बी दम्याचा रोगी, पायऱ्या चढून धापा टाकणारा. जेडन पावसात चिखलातून पुरावे शोधणारा. काही लोकांना ही पात्रं चालवणं बैलगाडी हाकण्यासारखं अवघड गेलं, आणि ती तक्रार रास्तच होती. चालायला एक बटण दाबून धरायचं हे कुणाला सुचलं कोण जाणे.

पूर्ण खेळ त्याच महिन्यात आला. प्लेस्टेशनमध्ये तो साठवला जाईपर्यंत थांबावं लागे, तेव्हा पडद्यावर कागदाला घड्या घालायला शिकवलं जाई. वाट पाहायला लावणाऱ्यांनी शेवटची काही मिनिटंही वाया घालवली नाहीत.

आणि मग? सुरुवातीचा तासभर काहीच घडत नाही. ईथन उठतो, आंघोळ करतो, टेबल मांडतो, मुलांशी खेळतो. पुढे, थोरला गेल्यानंतरच्या एका संध्याकाळी, धाकट्याला खायला द्यायचं, गृहपाठाला बसवायचं, वेळेवर झोपवायचं. पोराने टीव्हीवरून नजर हटवली नाही तर बापाने काय करायचं हे कुठलंही बटण सांगत नाही. हा भाग कंटाळवाणा म्हणणारे खूप भेटले, पण माझ्या लेखी साऱ्या खेळाचा पाया इथेच घातला आहे. कारण नंतर अपहरणकर्ता ईथनला एकामागून एक परीक्षा देतो. त्यातल्या एकीत पाच मिनिटांच्या आत, कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या बोटाचं पेर तोडायचं असतं. उजाड खोलीत कुऱ्हाड, करवत, सुरी अशी हत्यारं पडलेली. दारूचा घोट घेता येतो, लोखंडी सळई तापवून ठेवता येते, श्वास लयीत आणता येतो. नकार देऊन निघूनही जाता येतं. खेळणारा काय करतो? खोलीत फेऱ्या मारतो. नको ते हत्यार उचलतो, परत ठेवतो. इथे रहस्य अजिबात नाही. काय होणार ते सगळं आधीच माहीत आहे, तरी हात पुढे जात नाही. २००६पासून विचारला गेलेला प्रश्न या पाच मिनिटांत सुटला, आणि तो चेहऱ्यावरच्या आसवांनी सोडवलेला नाही, त्या गृहपाठाच्या संध्याकाळने सोडवला.

खुनी कोण हे मी इथेही लिहिणार नाही. मराठी रहस्यकथेच्या वाचकाला शेवटचं पान आधी उघडून दाखवणं हा गुन्हाच आहे, मग पुस्तक कितीही जुनं असो. एवढंच सांगतो की एक बटण दाबलं की पात्रांच्या मनातले विचार ऐकू येतात, आणि उत्तर कळल्यावर त्यांतले काही विचार आठवले की कर्त्याने आपल्याशी लबाडी केल्यासारखं वाटतं. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या १९२६मधल्या एका कादंबरीवरून वाचकांत अशीच भांडणं झाली होती, पण तिने प्रत्येक वाक्य तोलून टाकलं होतं. मागे जाऊन वाचलं तर ते खोटं निघत नाही. केजच्या रचनेत ती शिस्त नाही. ईथनचं मध्येच भान हरपतं, जागा होतो तेव्हा हातात कागदाची आकृती असते, आणि याचा नीट उलगडा अखेरपर्यंत होत नाही. चार वर्षं ज्या 'कोण' या प्रश्नावर लोक तर्क लढवत होते तीच खेळाची लंगडी बाजू निघाली. 'मी काय करीन' ही बाजू मात्र कुणाच्या कल्पनेपेक्षा सरस ठरली.

खरेदीदारांनी लंगडेपणा माफ केला. हा खेळ दोन-तीन लाख प्रती खपेल, असा सोनीचा अंदाज होता. प्रत्यक्षात आकडा वीस लाखांच्या वर गेला. शिवाय जुन्या डिस्क हातोहात फिरल्यामुळे आणखी दहा लाख लोकांनी तो आपल्याला एक पैसाही न मिळता खेळल्याची खंत स्टुडिओने जाहीरपणे बोलून दाखवली. २०११च्या बाफ्टा पुरस्कारांत कथा, संगीत आणि तांत्रिक नावीन्य अशी तीन पदकं मिळाली. संगीत नॉर्मां कॉर्बेल यांचं, आणि ते खेळ बाजूला ठेवून ऐकलं तरी टिकतं. कथेसाठी मिळालेल्या पदकाबद्दल माझं मत वर आलंच आहे.

मार्च २०१२मध्ये क्वांटिक ड्रीमने पुन्हा एक चित्रफीत दाखवली. यावेळी बाई यंत्र होती. कारखान्यात तिचे हातपाय जोडले जात होते, आणि आपण जिवंत आहोत असं वाटल्याचं ती बोलून बसली तेव्हा तिला सुटं करायची आज्ञा झाली होती. तिच्यामागे कुठला खेळ आहे हे तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यातून सहा वर्षांनी 'डेट्रॉइट' कसा उभा राहिला, आणि फाटे फुटलेल्या गोष्टीचा नकाशा खेळणाऱ्यासमोर उघडा टाकायचा हा धीट निर्णय कितपत शहाणपणाचा होता, ते पुढच्या आठवड्यात.