मुल्कराज आनंद यांच्या ‘अनटचेबल’ कादंबरीतील बहिष्कृताचे एकाकीपण

प्रस्तावना :
भारतीय इंग्रजी कादंबरीच्या वाटचालीत मुल्कराज आनंद (१९०५–२००४) यांच्या ‘अनटचेबल’ (१९३५) या कादंबरीला महत्त्वाचे स्थान आहे. इ. एम. फॉर्स्टर यांची प्रस्तावना लाभलेल्या या कादंबरीत बाखा या अठरा वर्षांच्या सफाई कामगाराच्या आयुष्यातील एकच दिवस चित्रित झाला आहे. त्याचे एकाकीपण कसे घडते आणि त्यातही तो कसा तग धरतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एकाकीपणाचे स्वरूप :
एकाकी म्हटले की माणसांपासून दूर राहणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. बाखा मात्र दिवसभर माणसांतच वावरतो. बाजारात जिलेबी घेऊन जाताना एका सवर्ण गृहस्थाला त्याचा नकळत स्पर्श होतो. गर्दी जमते, शिव्यांचा भडिमार होतो आणि अखेर त्याच्या थोबाडीत बसते. त्यानंतर आपण येत असल्याची वर्दी तो स्वतःच ओरडून देऊ लागतो. समाज त्याला दूर ठेवतो आणि ते अंतर राखण्याचे कामही त्याच्यावरच सोपवतो. बहीण सोहिनी हिच्यावर हात टाकणारा पुजारीच विटाळ झाल्याची ओरड करतो, तेव्हा शुचितेच्या कल्पनेमागील ढोंग उघडे पडते. जखमी मुलाला उचलून घरी पोहोचविणाऱ्या बाखाला त्या मुलाची आईच दूषणे देते.

तग धरण्याचे बळ :
बाखाचे वडील लाखा यांनी ही स्थिती दैव म्हणून स्वीकारली आहे. बाखा ती सोसतो. परंतु ती न्याय्य आहे, असे मानत नाही. हा संताप हेच त्याचे पहिले बळ होय. दुसरे बळ त्याला माणुसकीच्या अनुभवातून मिळते. हवालदार चरतसिंग त्याला नवी हॉकीची काठी देतो, चहा पाजतो आणि स्वयंपाकघरातून कोळसे आणावयास सांगतो. आपल्या हातचे कोणाला तरी चालते, ही जाणीव बाखाला काठीपेक्षाही मोलाची वाटते.

समारोप :
कादंबरीच्या अखेरीस बाखासमोर ख्रिस्ती मिशनरी, महात्मा गांधी आणि मैला वाहून नेणाऱ्या यंत्राविषयी बोलणारा कवी असे तीन मार्ग येतात. यंत्राचा विचार मनात घेऊन तो घराकडे वळतो. यंत्र आले, हाताने मैला साफ करविण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदेही झाले. तथापि गटारात मृत्यू पावलेल्या कामगारांच्या कुटुंबीयांना ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२३ साली द्यावा लागला. यंत्राने घाण दूर होऊ शकते. माणसाच्या मनातील अंतर केवळ यंत्राने मिटत नाही. म्हणून बाखाची ती वर्दी आजच्या वाचकालाही अस्वस्थ करते. ती देण्याची वेळ कोणावरही न येणे, हीच त्याच्या मुक्तीची खरी कसोटी होय.