'गुप्तरोग' : एका संज्ञेचे दोन अर्थ

लैंगिक संसर्गातून होणाऱ्या व्याधींना मराठीत 'गुप्तरोग' म्हणण्याचा प्रघात आहे. या समासातील 'गुप्त' हे पद दोन भिन्न गोष्टी एकाच वेळी सुचविते. लोकलज्जेस्तव रोग्याने झाकलेला तो एक गुप्त. आणि खुद्द रोग्यालाही न कळता देहात दडलेला तो दुसरा. व्यवहारात पहिला अर्थ वरचढ ठरला. वैद्यकदृष्ट्या घातक आहे तो दुसरा.

या व्याधींच्या नामकरणाचा इतिहास तौलनिक अभ्यासकास परिचित असेल. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या ग्रंथात भावमिश्राने एका व्याधीस 'फिरंग' असे नाव देऊन तिचा संबंध फिरंग्यांच्या संसर्गाशी जोडला. तिकडे इटलीत तिला फ्रेंचांचा रोग म्हणत, तर फ्रान्समध्ये नेपल्सचा. १५३० मध्ये फ्राकास्तोरोने लिहिलेल्या लॅटिन काव्यातील मेंढपाळावरून 'सिफिलिस' हे नाव पुढे रूढ झाले. वैद्यकाने कवितेकडून नाव घ्यावे, हे विरळाच.

मराठी बोलीतील 'गरमी' आणि 'परमा' ही नावे परक्याला दोष देत नाहीत. पण 'गरमी' या शब्दामुळे रोग देहातील उष्णतेच्या खाती जमा होतो. लघवीची जळजळ म्हणजे 'उन्हाळे लागले' असे समजून धने-जिऱ्याचे पाणी पिणाऱ्यास परम्याची शंकाही येत नाही. इथे शब्दच निदान करून मोकळा होतो.

सिफिलिसचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि उपचाराविना भरूनही येतो. रोग मात्र आत राहतो. परमा किंवा क्लॅमिडिया झालेल्या अनेक स्त्रियांत लक्षणेच दिसत नाहीत. 'रोग'ऐवजी 'संसर्ग' ही संज्ञा अलीकडे स्वीकारली गेली ती याचसाठी. अशा अवस्थेत रक्ताची, लघवीची वा स्रावाची तपासणी हाच उलगड्याचा मार्ग उरतो. संसर्गानंतर लगेच केलेली तपासणी निर्दोष येऊ शकते, कारण रक्तातील प्रतिपिंडे दिसू लागण्यास काही आठवडे लागतात. म्हणून ती पुन्हा करावी लागते. जोडीदाराची तपासणी व उपचार झाले नाहीत तर संसर्ग परत येतो. गरोदरपणातील सिफिलिस वेळीच ओळखल्यास पेनिसिलिनने अर्भकाचाही बचाव होतो.

'बचाव' हा शब्द रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'गुप्तरोगांपासून बचाव' या पुस्तकाच्या शीर्षकातही आहे. गणिताच्या या प्राध्यापकाने १९२७ ते १९५३ या काळात चालविलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक प्रश्नांना पापपुण्याच्या कक्षेतून काढून आरोग्याच्या कक्षेत आणले. सिफिलिसवर पेनिसिलिनचा गुण १९४३ मध्ये दिसला. तोवर सोमलयुक्त औषधांचे दीर्घ आणि त्रासदायक उपचारच हाती होते. त्यांनी प्रतिबंधावर भर दिला, यात म्हणूनच नवल नाही.

आज शासकीय रुग्णालयांतील अशा केंद्रांना 'सुरक्षा क्लिनिक' हे नाव आहे. त्यात रोगाचा उच्चारही नाही. 'गुप्त' आणि 'गोपनीय' हे दोन्ही शब्द 'गुप्' या एकाच धातूपासून आले असून, रक्षण करणे हा त्या धातूचा मूलार्थ आहे. एचआयव्ही व एड्सविषयक २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याने एचआयव्ही चाचणीसाठी संमती आणि माहितीची गोपनीयता बंधनकारक केली. मूलार्थाशी जवळीक आहे ती या गोपनीयतेची. मात्र तो कायदा एचआयव्हीपुरताच आहे. सिफिलिस, परमा इत्यादींच्या तपासणीस येणाऱ्याची भिस्त डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेवर आणि खिडकीपाशी त्याचे नाव किती मोठ्याने पुकारले जाते यावर असते.