ओळीला ओळ भिडली पाहिजे

चंद्रपूर-गडचिरोलीची गावयादी संगणकावर उघडली, की नजरेत भरतात ती गावांना लागलेली जोडनावं. बुद्रुक, खुर्द, माल, टोला, तुकूम. ओसाड गावाला रिठ. ‘चेक’ मात्र नावाच्या आधी येतो: चेक आष्टा, चेक बेरडी. मूळ नाव अनेक गावांचं सारखंच असतं, त्यामुळे जोडनाव गळलं की गावच बदलतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्काच्या कागदावर शेजारच्या गावाचं नाव पडून कसं चालेल?

संगणकात नावं एका यादीत असतात, जोडनावं दुसरीत. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत यादी म्हणजे ॲरे आणि तिच्यातला मजकुराचा प्रत्येक तुकडा म्हणजे स्ट्रिंग. पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं असं जोडत जायचं. हजारो गावांना एका ओळीची आज्ञा पुरते.

फक्त हा मजकूर आहे, हे संगणकाला आधी कळलं पाहिजे. संकेतांकांचंच उदाहरण घ्या: 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक 27, गडचिरोलीचा 508, चंद्रपूरचा 509. मजकूर म्हणून जोडले तर 27508 आणि 27509 मिळतात. आकडे समजून मिळवले तर 535 आणि 536! बेरीज बरोबरच असते, म्हणून कुठेही चूक दाखवली जात नाही. जोडनाव नसलेल्या गावाचं आणखी वेगळं. ‘आर’ ही भाषा रिकाम्या नोंदीच्या जागी ‘एनए’ ही अक्षरं गावाच्या नावाला चिकटवते. पायथन या भाषेतलं ‘पांडाज’ त्या गावाचं अख्खं उत्तरच रिकामं ठेवतं.

खरा घोळ होतो तो एका यादीतली मधलीच एक ओळ गळाली की. तिच्याखालचं प्रत्येक गाव एका घराने सरकतं आणि खुर्दाचं बुद्रुक होतं. पायथनची याद्या जोडणारी ‘झिप’ ही आज्ञा छोटी यादी संपली की गुपचूप थांबते. ‘आर’ छोटी यादी पुन्हा पहिल्यापासून वापरायला घेते. पायथनमधलंच ‘नमपाय’ मात्र लांबी जुळत नाही म्हणून काम नाकारतं, आणि मला हा नकारच मोलाचा वाटतो. पायथननेही 3.10 या आवृत्तीपासून ‘झिप’ला लांबी जुळण्याची सक्ती करण्याची सोय दिली.

पण दोन्ही याद्यांतून वेगवेगळी एकेक ओळ गळाली तर? लांबी जुळते, नावं चुकतात. तिथे ओळीच्या क्रमावर विसंबूच नये. ‘पांडाज’ दोन रकाने जोडताना ओळीची जागा न बघता तिच्यावरची खूण बघतं. जनगणनेचा सहा अंकी गावसंकेतांक ही खूण म्हणून ठेवला, की याद्या कितीही उलटसुलट असोत, प्रत्येक गावाला त्याचंच जोडनाव लागतं आणि गळालेली ओळ रिकामी दिसते.