तिला एकदाच सांगू द्या!

"बाथरूममध्ये पाय घसरला."

आमच्या तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीवर काकूंनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मी तेव्हा अकरावीत. काकू आमच्या खालच्या मजल्यावरच्या. आई आजोळी गेली होती, म्हणून रिक्षातून मीच सोबत आले होते. काकूंचं मनगट सुजलेलं होतं आणि ओठ फुटलेला. पाय घसरल्यावर मागून ओठ कसा फुटतो, हे खिडकीतल्या माणसानं विचारलं नाही. डॉक्टरांनीही नाही. एक्स-रे, प्लास्टर, गोळ्या. "पंधरा दिवसांनी दाखवायला या."

परतताना रिक्षात काकू रडल्या आणि खरं काय ते बोलल्या. खरं तर मला ते आधीच माहीत होतं. रात्री खालून आवाज आले, की आमच्या घरात टीव्हीचा आवाज वाढायचा.

दुसऱ्या दिवशी बाबा त्यांना पोलीस चौकीत घेऊन गेले. "घरातला मामला आहे, समजुतीनं घ्या." तिथून एका सरकारी ऑफिसात पाठवलं. संबंधित मॅडम मीटिंगला गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसरं टेबल. मग एक वकील. त्यांनी दवाखान्याचे कागद मागितले. कागदावर लिहिलं होतं, 'घरी पडून दुखापत'. वकील म्हणाले, "हे तर तुमच्याच विरोधात जाईल."

प्रत्येक ठिकाणी काकूंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाचव्या वेळी त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे, घरी जाऊ." आजही त्या त्याच घरात आहेत. (हे लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

चौदा टक्के

काकूंची गोष्ट एकट्या काकूंची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशात १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. पण मला जास्त हलवलं ते त्याच सर्वेक्षणातल्या दुसऱ्या आकड्यानं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के जणींनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

आपण पटकन म्हणतो, "बायका बोलतच नाहीत ना!" काकू तर बोलल्या होत्या. पाच वेळा. ऐकणारी माणसं मात्र एकमेकांशी बोलत नव्हती.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात काय झालं?

मास कॉमसाठी मुंबईत आल्यावर एका असाइनमेंटसाठी मी 'दिलासा'बद्दल वाचायला घेतलं आणि प्रत्येक पानावर मला काकू दिसत राहिल्या.

२००० साली बृहन्मुंबई महापालिकेचा आरोग्य विभाग आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात 'दिलासा' हा विभाग सुरू केला. हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी सरकारी रुग्णालयाच्या आतच चालणारं हे देशातलं पहिलं केंद्र. त्यामागचा विचार अगदी साधा आहे. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाईलच असं नाही, वकिलाकडे तर फारच क्वचित जाईल. पण दवाखान्यात ती कधी ना कधी येतेच. हात मोडला म्हणून, भाजलं म्हणून, गरोदरपणात पोटाला मार लागला म्हणून, किंवा 'चुकून काहीतरी पोटात गेलं' म्हणून. शिवाय दवाखान्यात जायला घरातून कुणी अडवत नाही आणि कुणाला खोटं कारणही सांगावं लागत नाही.

म्हणून तिथल्या डॉक्टर, नर्स आणि इतर कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग दिलं गेलं. जखम आणि सांगितलेलं कारण जुळत नसेल तर ते ओळखायचं. सोबत आलेल्या नातेवाइकांना बाहेर थांबवून तिला एकटीला विचारायचं. ती जे सांगेल ते केसपेपरवर नीट लिहायचं, म्हणजे पुढे कोर्टात तोच कागद तिच्या बाजूनं उभा राहतो. मग तिला त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे न्यायचं. पोलिसांकडे जायचं की नाही, हे तिच्याशी बोलून ठरवायचं. त्या रात्री घरी जाणं धोक्याचं असेल, तर तिला काही काळ देखरेखीखाली वॉर्डात ठेवून घ्यायची सोयही केली गेली. वेगळी इमारत नको, वेगळी पाटी नको. आहे त्याच खाटेवर एक सुरक्षित रात्र.

पुढे हे काम महापालिकेनं स्वतःच्या व्यवस्थेत सामावून घेतलं. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाच्या मदतीनं ते मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांतही गेलं.

पोलिसांच्या बाजूनं अशीच सुरुवात त्याच्याही आधी झाली होती. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या जागेत, पण बोलायला सोशल वर्कर.

समन्वय हा शब्द कायद्यातच आहे

घरगुती हिंसाचाराविरोधातला कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्यातली मुख्य व्यक्ती म्हणजे संरक्षण अधिकारी. बाईची तक्रार नोंदवायची, घटनेचा अहवाल मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा, वैद्यकीय तपासणी, निवारा आणि वकील मिळवून द्यायचा, हे सगळं या एका व्यक्तीचं काम. म्हणजे पाच दारं ठोठावायची ती अधिकाऱ्यानं, बाईनं नाही. अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि तिथून साठ दिवसांत निकाल, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

कलम ११ तर सरळ सांगतं की कायदा, गृह, आरोग्य वगैरे खात्यांत प्रभावी समन्वय राहील आणि त्याचा वेळोवेळी आढावा घेतला जाईल, याची जबाबदारी सरकारची. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी संरक्षण अधिकाऱ्याचं काम दुसऱ्याच कामात बुडालेल्या कर्मचाऱ्याकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून असतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना आदेश द्यावा लागला, की जिथे हे अधिकारी नाहीत तिथे जिल्हा आणि तालुका पातळीवर सहा आठवड्यांत नेमा. कायदा लागू होऊन तेव्हा साडेअठरा वर्षं झाली होती!

एकाच छताखाली दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा देणारी 'सखी वन स्टॉप सेंटर' योजना २०१५ पासून आहे. पण ही केंद्रं मुख्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी. हात मोडलेल्या बाईनं एसटीनं दीड-दोन तास प्रवास करून तिथे जायचं कसं?

आणि गावात माणसं नाहीत असंही नाही. कोणत्या घरात काय चाललंय, हे आशाताई आणि अंगणवाडीताईंना सगळ्यांच्या आधी कळतं. पोलीस पाटील आहेत, ग्रामपंचायत आहे, महिला ग्रामसभा आहे. माणसं आहेत, फक्त त्यांना जोडणारा धागा नाही. भाभा रुग्णालयातही आधीपासून डॉक्टर होते, नर्स होत्या, खाटा होत्या. महापालिकेनं त्यांचं काम एकमेकांना जोडून दिलं, आणि त्यानं फरक पडला.

आपण काय करू शकतो?

● ती एकटी असताना विचारा. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर विचारलं तर 'पाय घसरला' हेच उत्तर मिळेल. तिच्या नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नका. तुम्ही निघून आल्यावर त्याचा राग तिच्यावरच निघतो.

● आत्ता धोका असेल तर ११२. माहिती आणि मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१.

● कळवायला घाबरू नका. घरगुती हिंसाचार होतोय किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूनं माहिती दिली तर कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे.

● दवाखान्यात सोबत गेलात तर डॉक्टरांना खरं कारण सांगायला तिला धीर द्या आणि तिनं सांगितलेलं कागदावर आलंय का, ते बघा. कागदाची एक प्रत घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

● एनएसएसमध्ये असाल तर या वर्षी एक काम करा. तुमच्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, कुठे बसतो, फोन काय, हे शोधून काढा आणि कॉलेजच्या नोटीस बोर्डवर, ग्रामपंचायतीत, दवाखान्यात लावा. नाव सापडलं नाही, तर हाच प्रश्न ग्रामसभेत विचारा.

● स्टेटस, रील, फोटो नको. तिची गोष्ट कुणाला आणि कधी सांगायची, हे तिनं ठरवायचं.

मागच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा काकूंनी चहाला बोलावलं. मी त्यांना 'दिलासा'बद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठल्या आणि कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला तो जुना केसपेपर काढून माझ्यासमोर ठेवला. अजून जपून ठेवलाय त्यांनी.

"त्या डॉक्टरनं एकदा विचारलं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर मी सांगितलं असतं गं."