लोणारची एक दिवसाची सहल

परदेशातले अभ्यासक समुद्र ओलांडून आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार पाहायला येतात. बीबी तर लोणार तालुक्यातलेच गाव. पण शेतीच्या कामातून आपल्यालाच सवड होत नाही.

एक दिवस काढा. मित्रमंडळी, शेजारीपाजारी, बायामुले सगळ्यांना बरोबर घ्या. भाकरी, ठेचा, पिठले, कांदा अशी शिदोरी बांधा. आधी दैत्यसूदनाच्या देवळावरचे कोरीवकाम पाहा, मग गोमुखाच्या धारेवर जा. काठावरची ही बारमाही धार गोड, खाली सरोवर मात्र खारट. असे का?

अशनी आदळून झालेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उडवते, क्षार मागे राहतात. जून २०२० मध्ये पाणी आटून क्षार वाढले आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे सरोवर गुलाबी दिसू लागले.

सरोवराभोवती अभयारण्य आहे, म्हणून शिदोरी बाहेर सावलीत सोडा. कचरा घरी आणा.

आणि मुलांना तेथेच दाखवा: निचरा नसला की आपली काळी जमीनही अशीच चोपण होत जाते. परतल्यावर शेतातले बुजलेले चर आधी मोकळे करा.